छबूबाईंचं शेवटचं पान

टेंभीवाडी, राजूरजवळ
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मरियाआत्या,

सलाम.

तुझी ट्रंक पोहोचली. राजूरपासून इथपर्यंत ती टेम्पोत कोबीच्या गोण्यांवर बसून आली. कुलूप गंजलं होतं. छबूबाईंनी ते उलथण्याने उघडलं. छबूबाई आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. बावीस वर्षं झाली. उलथणं त्या हातातून ठेवत नाहीत. मस्टरवर अंगठा उठवतानाही ते दुसऱ्या हातात असतं.

पुस्तकं अकरा निघाली. सगळी इतिहासातल्या धाडसी बायकांची, पानभर चित्रांची. माझ्याकडे पहिली आणि दुसरी मिळून सतरा मुलं आहेत. रोज खिचडीच्या आधी एक पुस्तक वाचते. तू म्हणाली होतीस, मुलं दिपून जातील. अजून कोणी दिपलेलं नाही.

झाशीची राणी पाठीशी मूल बांधून घोड्यावरून निघाली आहे, ते चित्र मी वर धरलं. दुसरीतली पूजा म्हणाली, "माझी आई पन बांधती. भात लावताना." मी म्हटलं, राणी लढत होती. "माझी आई पन भांडती. मुकादमासंग." मग कोणी तरी विचारलं, पोराला मधेच शू आली तर राणीनं काय केलं. पुस्तकात ते दिलेलं नाही. त्यावर अर्धा तास गेला.

हिरकणी बाळासाठी गडाचा कडा उतरून गेली. "वाट न्हवती का?" नव्हती. "मंग कडाच उतरायचा. त्यात काय?" या मुलांचे आजे शेळ्या घेऊन रोज कडा उतरतात. शेळ्यांचं पुस्तक कोणी काढलेलं नाही.

चांदबीबीने किल्ल्याची पडलेली भिंत एका रात्रीत उभी करून घेतली. हे मात्र त्यांना आवडलं. आमच्या शाळेच्या आवाराची भिंत दोन वर्षं अर्धी पडलेली आहे. चांदबीबीला बोलवा, असं सतराही जण म्हणाले.

सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण टाकत, ते पान मी हळू आवाजात वाचलं. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, पोहोचलं. मग पूजा म्हणाली, "सगळं शेन वाया घालीवलं?"

मी कुठे चुकते आहे? तू एकतीस वर्षं पहिली शिकवलीस. सांग.

रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते आणि तुला फोन आवडत नाही, म्हणून पत्र.

तुझी,
एस्तेर


श्रीरामपूर
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय एस्तेर,

सलाम.

तू चुकत नाहीस. मुलंही चुकत नाहीत. रोज कडा उतरणाऱ्याला कड्याचं कौतुक सांगू नये.

मुलांना विचार, आपल्या वाडीतली सगळ्यांत धाडसी बाई कोण. ती जी ठरेल तिचं पुस्तक त्यांच्याकडून करून घे. पुठ्ठा, खळ, खडू. चित्राला तू हात लावायचा नाहीस. तुझा हात मला माहीत आहे. लहानपणी तू मेंढपाळ काढलास तर लोक ढग म्हणत.

आणखी एक. या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर मुलांसाठी कृती असते. ती सोडू नकोस. शिक्षक शेवटचं पान सोडतात आणि मग मुलं शिकत नाहीत म्हणून रडतात. मी एकतीस वर्षांत एकही शेवटचं पान सोडलं नाही.

माझं अक्षर मोठं आलं आहे. पेन नवीन आहे. ओळी वर चढल्या आहेत त्याला टेबल कारण आहे.

आत्या


टेंभीवाडी
९ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

सलाम.

मतदान घेतलं. छबूबाईंना सोळा मतं पडली. एक मत पूजाच्या शेळीला पडलं. मी म्हटलं, बाई हवी. पूजा म्हणाली, "मंग ती काय बोकड हाय?"

छबूबाईंनी काय केलं म्हणून त्या धाडसी, असं मी विचारलं. मला वाटलं, साप मारला असेल. मुलांनी एका आवाजात सांगितलं, "साहेबाला हात धुवाया लावलं."

हे मागच्या वर्षीचं आहे. मी तेव्हा इथे नव्हते. केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. दहा-बारा शाळांवर त्यांची देखरेख असते. खिचडीची चव घ्यायला बसले. छबूबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि वाढेनात. "साहेब, हात." साहेब म्हणाले, "बाई, मी साहेब आहे." छबूबाई म्हणाल्या, "मंग हात कोनाचं हायती?" साहेब उठले. साबणाने धुतले. सगळी शाळा बघत होती. त्या दिवसापासून मुलं न सांगता हात धुतात.

छबूबाईंना पुस्तकाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं कशाला? मला काय यतं?" मग घरी जाऊन लुगडं बदलून आल्या.

मुखपृष्ठ सोबत पाठवते आहे. छबूबाई उलथणं उगारून बसल्या आहेत. घोडा हवाच, असा मुलांचा आग्रह होता. अकरापैकी सात पुस्तकांत घोडा आहे. पण घोडा कोणी जवळून पाहिलेला नाही. पूजाने घरून नमुना आणून वर्गात बांधला आणि बघून काढला. नमुन्याने दोन खडू खाल्ले. काय निघालं आहे ते तूच बघ.

शेवटचं पान पाहिलं. अकराही पुस्तकांत एकच कृती आहे. आत्या, जिवंत माणसाला ती चालेल का?

तुझी,
एस्तेर


श्रीरामपूर
१६ डिसेंबर २०२५

प्रिय एस्तेर,

सलाम.

हा काय प्रश्न झाला? ती कृती जिवंत माणसासाठीच आहे. मेलेल्यांचं काम छापखान्याने आधीच केलेलं असतं. बिनघोर कर. थाटात कर. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. त्याच दिवशी कर आणि सगळ्या वाडीला बोलाव.

मुखपृष्ठ पाहिलं. घोडा डौलदार आहे. आयाळ विशेष.

नाताळला येशील तेव्हा करंज्या मी करणार नाही. मला कंटाळा आला आहे. विकतच्या आणू.

आत्या


टेंभीवाडी
५ जानेवारी २०२६, सोमवार

प्रिय आत्या,

सलाम. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. राजूरला एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते. संगमनेरला तो पुढच्या गाडीच्या कंडक्टरला देईल. उत्तर त्याच वाटेने पाठव. घाई आहे.

शेवटच्या पानावर असतं तसंच सगळं केलं. बाईची तसबीर. तिला झेंडूचा हार. पुढे उदबत्ती आणि नारळ. खाली ओळ: 'चला, आपण त्यांना वंदन करू या.' तसबीर म्हणून छबूबाईंचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. तो कसा असतो तुला माहीत आहे. सावित्रीबाईंच्या तसबिरीशेजारी तो टेकवला. सतरा मुलांनी वंदन केलं. छबूबाईंनी स्वतःही केलं. पुस्तकाचं प्रकाशन झालं. भाषणं झाली. तोवर सगळं ठीक होतं. तू शेळीला घोडा म्हणालीस हेही मी सांगितलं. मुलं खूश झाली. मन राखावं तर तू.

शाळा समितीचे अध्यक्ष बन्सीभाऊ आले होते. त्यांनी तसबिरीचा फोटो मोबाईलमध्ये काढला, टाकीवर चढले आणि स्टेटसला लावला. खाली नुसते जोडलेले हात. हार, उदबत्ती, जोडलेले हात. आत्या, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो.

दुपारी तीन वाजता वळणावरून रडणं ऐकू आलं. टेम्पो. त्यात अकरा माणसं. पुढे छबूबाईंची धाकटी बहीण बनुबाई. ती राजूरला असते. दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. आईच्या माघारी पाटा-वरवंटा कोणी न्यायचा यावरून. पाटा बनुबाईकडे गेला होता.

छबूबाई शाळेमागे पातेलं घासत होत्या. रडणं ऐकून राखेच्या हातांनी तशाच धावल्या. घोळक्यात शिरल्या आणि रडू लागल्या. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही. रडणाऱ्याला ते विचारत नाहीत. पाच मिनिटं त्या स्वतःसाठी रडल्या. बनुबाई ऊर बडवत होती, "छबे, पाटा न्यायचा व्हता ना गं तुला! न्यायचास की गं!"

छबूबाई थांबल्या. म्हणाल्या, "मंग दे की."

बनुबाईने वर पाहिलं. आधी किंकाळी मारली. मग छबूबाईंना एक थोबाडीत मारली. मग मिठी मारली. टेम्पोतल्या बाकीच्यांना नक्की काय करावं कळेना. मी खिचडी वाढली.

इथपर्यंत हसायला हरकत नव्हती. आज सोमवार. छबूबाई कामावर आल्या नाहीत. घरी गेले. त्या ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. आत बनुबाई भाकरी थापत होती.

"मला सुतक हाय, म्याडम," छबूबाई म्हणाल्या.

"कोणाचं?"

"माजंच की."

मी म्हटलं, तुम्ही जिवंत आहात. बनुबाई आतून म्हणाली, "रडनं झालं. अकरा मान्सांच्या आंघुळी झाल्या. आता सुतक न्हाई पाळलं तर त्या आंघुळी कुटं जातील?" मी म्हटलं, सुतक घरच्यांना असतं, गेलेल्याला नसतं. छबूबाई म्हणाल्या, "घरात दुसरं कोन हाय? मलाच पाळाया लागंल." तेरा दिवस त्या चूल पेटवणार नाहीत. घरचीही नाही, शाळेचीही नाही. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "मेल्याव तिसऱ्या दिशी बी कामावं यायाचं का?"

मी शाळेत परत आले. नारळ फोडला म्हणून त्या रागावल्या असतील. अपशकुन झाला असं मनात असेल.

आता खरी अडचण. बन्सीभाऊंनी आज चुलीपुढे आपल्या भावजयीला बसवलं. लंकाबाई. तिच्या खिचडीत तांदूळ वेगळे असतात, डाळ वेगळी असते. दोघांची ओळख झालेली नसते. १२ तारखेला, सोमवारी, समितीची बैठक आहे. केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत. त्या दिवशी छबूबाई चुलीपुढे नसतील तर जागा रिकामी धरायची आणि लंकाबाईला नेमायचं, असं बन्सीभाऊ म्हणतात. सुतक १५ तारखेला सुटतं.

बावीस वर्षांचं काम हारामुळे जाईल आणि हार मी घातला. काय करू?

तुझी,
एस्तेर

ता. क. पूजा म्हणते, "तुमच्या आत्याला दिसत न्हाई. शेळीला घोडा कोन म्हनतं?" मी तिला गप्प केलं.


श्रीरामपूर
८ जानेवारी २०२६

प्रिय एस्तेर,

सलाम.

पूजाला गप्प करू नकोस. ती या पत्रव्यवहारातली एकमेव शहाणी बाई आहे.

शेवटचं पान मी पाहिलं नव्हतं. आमच्या काळच्या पुस्तकांत शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट असे: 'येथे तुमच्या गावातील व्यक्तीचे चित्र काढा.' इथेही तीच असणार, असं मी धरलं. मला दोन वर्षं पानं दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. तुझी पत्रं उंबऱ्यात उन्हात बसून भिंगाने एकेक शब्द वाचते. तुझ्या मुखपृष्ठावर मला चार पाय दिसले. बाकी विश्वासाने घेतलं.

डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी तीनदा तारीख दिली. तीनदा मला ताप आला. म्हणजे ताप आला असं मी कळवलं. धाडसी बायकांची अकरा पुस्तकं मी दान केली म्हणून चर्चमध्ये माझं कौतुक झालं. दिसत नव्हती म्हणून दिली. पेन जुनंच आहे. टेबलही सरळ आहे. करंज्यांचा कंटाळा आला नव्हता; नाताळात तू आलीस तेव्हा भिंग उशीखाली होतं.

सोबत छबूबाईंना चिठ्ठी आहे. तूच वाचून दाखव. सौम्य आवाजात वाचू नकोस.

आत्या

(सोबतची चिठ्ठी)

छबूबाईंना सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या निधनाला मी जबाबदार आहे. हार घालायला मीच सांगितलं. एस्तेरने फक्त ऐकलं. ती लहानपणापासून ऐकते, तोच तिचा दोष.

राग माझ्यावर काढा, पण सोमवारी चुलीपुढे बसा. तुमची जागा जाईल. आमच्या धर्मात मेलेल्याला उठायला तीन दिवस पुरले होते. तुम्हाला तर पाच मिळाले.

मरिया


टेंभीवाडी
१० जानेवारी २०२६

मरियाबाईंना छबूबाईचा नमस्कार.

मी सांगते आन ही पूजा लिहिती. ती दुसरीत हाय. तिचं अक्षर चांगलं हाय. (हे मी लिहिलं. छबूबाई बोलल्या नाय.)

चिठ्ठी आयकली. तुमच्यात तीन दिस असत्याल, आमच्यात तेरा. ज्याचं त्याला.

मला राग न्हाई. ह्या पोरीच्या म्याडमला वाटतं मला राग हाय. राग कशाचा? त्या दिशी मी माज्या कानानं आयकलं, कोन माज्यासाटी कसं रडतं. हे कुनाला आयकाया भेटत न्हाई. बनी नऊ वर्सांनी बोलली. बनी रोज भाकरी करून वाडती. मी बसून खाते. मी बावीस वर्सं वाडते. मला ताट करून कोनी दिलं न्हवतं. मेले तवा दिलं. आता तेरा दिसातला एक बी दिस मी सोडनार न्हाई.

(छबूबाईंनी नाक पुसलं.)

हे लिहू नगं म्हनलं तरी ही लिहिती.

जागंची भीती मला बी हाय. मी न्हाई म्हनत न्हाई. बन्सीभाऊ मानूस वाईट न्हाई, पर भावजय घरात बसून त्याच्या बायकूशी भांडती, म्हनून तिला शाळंत घालवायचं त्याच्या मनात हाय. मी रोज अकराला जाते. पडक्या भिंतीच्या भाईर स्टूल टाकून बसते. सुतकात चूल पेटवायची न्हाई. तोंड चालवाया बंदी न्हाई. तिथनं मी लंकीला सांगते, पानी किती, आच किती. ती आयकत न्हाई. काल खालनं करपली. पोरांनी वरची वरची खाल्ली. माजा जीव वरखाली झाला, पर मी भिंत वलांडली न्हाई.

आता तुमचं. तुमी मला मारलं. त्याची भरपाई द्या. डोळं करून घ्या. मी मेले आन आले, मला काय झालं न्हाई. वजन वाडलं. तुमाला तर नुसतं आडवं पडायचं हाय.

आनी शेळीला घोडा म्हनू नगा. पूजाला वाईट वाटलं.

(वाटलं नाय. थोडं वाटलं.)

छबूबाई
लिहिणार पूजा, इयत्ता २ री


टेंभीवाडी
१३ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

सलाम.

काल बैठक झाली. क्रमाने सांगते.

काल जिजाऊंची जयंती होती. म्हणजे पुन्हा तसबीर, हार, उदबत्ती. मी हाराला हात लावला नाही. बन्सीभाऊंनी घातला. मोबाईल त्यांनी आपणहून टेबलावर पालथा ठेवला.

साहेब अकरा वाजता आले. येताना त्यांना भिंतीबाहेर स्टुलावर बसलेली बाई दिसली. बाईच्या हातात उलथणं होतं. साहेब थोडं वळून लांबच्या फाटकाने आत आले.

बैठक वर्गातच होती. मुलांना बाहेर पाठवायचं राहिलं, असं मी नंतर म्हणाले. बन्सीभाऊंनी विषय मांडला. स्वयंपाकीण आठ दिवस गैरहजर. जागा रिकामी धरावी. लंकाबाई तयार आहेत. लंकाबाई दारात उभी होती. तयार दिसत नव्हती.

साहेबांनी मस्टर मागितलं. ६ तारखेपासून पुढे छबूबाईंच्या रकान्यात मी रोज लिहिलं होतं: 'हजर, भिंतीपलीकडे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"एस्तेर मॅडम, हे काय?"

मी उत्तर द्यायच्या आत बाहेरून आवाज आला, "हजर हाय, सायेब!"

"मग आत या!"

"सुतक हाय, सायेब!"

"कोण गेलं?"

बन्सीभाऊ खाली बघू लागले. मग सतरा मुलं एकदम म्हणाली, "छबूबाई!"

आता खुलासा करणं भाग होतं. मी सुरुवात केली, पण पूजा उठली, पुस्तक घेऊन साहेबांपुढे उभी राहिली आणि वाचू लागली. मी थांबवलं नाही. तू म्हणाली होतीस, गप्प करू नकोस.

"एक होत्या छबूबाई. त्यांच्याकडं तलवार न्हवती. उलथनं व्हतं. एकदा शाळेत एक साहेब आले. साहेब हात न धुता बसले."

साहेबांनी चित्र पाहिलं. चित्रात छबूबाई छपराएवढ्या आहेत. साहेब त्यांच्या घोट्याएवढे. साहेबांच्या हातावर काळे ठिपके आहेत. ते जंतू. एका जंतूला मिशा आहेत. साहेबांनाही आहेत.

"छबूबाई म्हनल्या, साहेब, हात. साहेब म्हनले, मी साहेब हाय. छबूबाई म्हनल्या, मंग हात कोनाचं हायती? सगळी मानसं साहेबाला भितात. छबूबाई बी भ्याल्या. त्यांचं उलथनं हालत व्हतं. मी बघितलं. पन त्या वाढल्या न्हाईत."

हे वाक्य मी लिहून दिलेलं नव्हतं. उलथणं हललं हे मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात चव घेण्यासाठी लंकाबाईने साहेबांपुढे खिचडीचं ताट आणून ठेवलं. साहेबांचा हात ताटाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. सतरा मुलं त्या हाताकडे बघत होती. साहेब उठले.

नळ पडक्या भिंतीला लागून आहे. पलीकडे छबूबाई. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. साबण मात्र छबूबाईंनी कमरेच्या पिशवीतून काढून दिला. साहेबांनी कोपरापर्यंत धुतले.

परत येऊन त्यांनी लंकाबाईच्या खिचडीचा एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग शेरेबुक मागितलं. साहेबांचा शेरा मी जसाच्या तसा उतरवून पाठवते:

'श्रीमती छबूबाई यांस त्यांच्या स्वतःच्या निधनानिमित्त दि. ५ ते १५ जानेवारी रजा मंजूर. दि. १६ पासून त्यांनी पूर्ववत कामावर हजर राहावे. जागा रिक्त नाही. भिंत दुरुस्त करून घ्यावी.'

बन्सीभाऊ म्हणाले, "साहेब, असं कारण चालतं का?" साहेब म्हणाले, "हयातीत एकदाच मिळणारी रजा आहे. नियमात बसते." लंकाबाईने तिथेच पदर खोचला आणि म्हणाली, "बरं झालं. मला घरीच भांडाया आवडतं."

१५ तारखेला छबूबाईंचं तेरावं आहे. शाळेत गोड जेवण. लापशी बनुबाई करणार आहे. पाटा टेम्पोतून आणते आहे. छबूबाईंना पंगतीत पहिलं पान मांडायचं ठरलं आहे. एरवी ते पान गेलेल्यासाठी वेगळं काढून ठेवतात. ते कोण खातं हा प्रश्न या वेळी नाही.

आता तू. छबूबाई रोज विचारतात, "बाईंनी डोळा केला का?" मी काय सांगू?

तुझी,
एस्तेर


श्रीरामपूर
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय एस्तेर,

सलाम.

उजवा डोळा झाला. डावा महिन्याने. अक्षर लहान आलं आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल.

पूजाला काही गोष्टी कळव. तिला उलथणं हललेलं दिसलं, तर हेही तिच्या कामी येईल. टेबलावर झोपवल्यावर मी डॉक्टरांचा डगला दोन्ही हातांनी धरून ठेवला. नर्सने एकेक बोट सोडवलं. सातवं बोट सोडवेपर्यंत पहिलं परत गेलं होतं. मी मोठ्याने स्तोत्र म्हणत होते आणि ते चुकीचं म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, आजी, अजून सुरू केलेलं नाही. हे सगळं पुढच्या पुस्तकात घातलं तर माझी हरकत नाही. माझं पुस्तक काढायचं चाललं आहे, हे पूजाच्या पाकिटावरून कळलं. तिने ते चिकटवायचं सोडून शिवलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'खळ तुमच्या पुस्तकाला ठेवली.'

पट्टी निघाल्यावर सगळं क्रमाने पाहिलं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर. मग साहेबांचा शेरा. तो भिंगाशिवाय तीनदा वाचला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढी नीट लिहिलेली रजा पाहिली नाही. मग छबूबाईंचं मुखपृष्ठ. ती शेळी आहे. दाढीला मी आयाळ म्हटलं. पूजाची माझ्याकडून माफी माग. शेळी फार चांगली आहे. राणीलाही शोभली असती.

छबूबाईंना सांग, भरपाईचा अर्धा भाग पोहोचला. मे महिन्यात मी येते. त्यांच्या हातची खिचडी खाईन. हात धुऊन बसेन. ताट मात्र मी वाढणार आणि त्यांनी आधी खायचं.

पूजाने नव्या आवृत्तीचं शेवटचं पान पाठवलं आहे. मधे छबूबाई बसून जेवत आहेत. बनुबाई वाढते आहे. बाजूला शेळी उभी आहे आणि झेंडूचा हार खाते आहे. अर्धा हार तोंडात आहे, अर्धा लोंबतो आहे. खाली ओळ: 'चला, आपण त्यांना जेवाया वाढू या.'

ही कृती मुलांकडून जरूर करून घे. हे पान मी स्वतः पाहिलं आहे.

आत्या